सोलापुरात कामावर अपघात झाला तर : भरपाई मिळवण्याची वाट, पायरी पायरीनं

मागाच्या चाकात बोट गेलं, धोटा उडून डोळ्याला लागला, डायिंगमध्ये उकळतं पाणी अंगावर सांडलं, बांधकामाच्या पराचीवरून माणूस खाली आला. असं घडलं की घरचे आधी दवाखान्याकडे धावतात, आणि धावायलाच हवं. पण त्याच धावपळीत जे दोन-तीन कागद तयार होतात, त्यांच्यावर पुढची सगळी भरपाई उभी राहते. २०२२ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताचं बोट एका टॉवेल कारखान्यात गेलं. तेव्हापासून कामगार विम्याचं ऑफिस आणि सिव्हिल इथं इतके खेटे घातले, की आता सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे आमच्या यंत्रमाग वस्तीत, कुणाला लागलं तर लोक घरी विचारायला येतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहिलंय.

कायद्याचं एवढं आधी लक्षात घ्या. पूर्वी यासाठी दोन कायदे होते : १९२३ चा भरपाईचा आणि १९४८ चा राज्य कामगार विम्याचा (ईएसआय). २१ नोव्हेंबर २०२५ पासून दोन्ही ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ मध्ये घेतले गेले. हिशोबाची रीत तीच राहिली. त्या तारखेआधीचा अपघात असेल तर दावा जुन्या कायद्यानं चालतो. कार्यालयातले लोक अजून जुनीच नावं वापरतात, म्हणून मीही तीच वापरतोय.

१. पहिला दिवस : केसपेपर स्वतः वाचा

जखमीला १०८ वर न्या, रिक्षानं न्या, सिव्हिलला न्या किंवा खासगीत. पण डॉक्टर ‘कसं लागलं?’ विचारतील तेव्हा उत्तर घरच्या माणसानं किंवा जखमीनं द्यायचं, कारखान्याच्या माणसानं नाही. भावाच्या वेळी सोबत मुकादम होता. भाऊ कळवळत होता, बोलायच्या स्थितीत नव्हता. मुकादमानं सांगून टाकलं, ‘मोटारसायकलच्या चेनमध्ये बोट आलं.’ केसपेपरवर तसंच उमटलं. आम्ही दुसऱ्या दिवशी राऊंडच्या वेळी डॉक्टरांना भेटून भावाचा स्वतःचा जबाब लिहून घ्यायला लावला. जुनी ओळ खोडता येत नाही, पण तारीख-वेळ घालून खाली नवी नोंद करता येते. पुढं कामगार विम्याच्या साहेबांनी तो पेपर हातात घेतल्यावर पहिलं बोट त्या चेनच्या ओळीवरच ठेवलं. खालची नोंद नसती तर प्रकरण तिथंच संपलं असतं.

केसपेपरवर चार गोष्टी हव्यात : कुठं लागलं (कारखान्याचं नाव, निदान ‘यंत्रमाग कारखान्यात काम करताना’), कशानं लागलं, किती वाजता, आणि कोणता अवयव, डावा की उजवा. डावं-उजवं चुकलेले पेपर मी पाहिलेत. पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोलतात, डॉक्टर विचारणार मराठीत. आजी-आजोबांना पुढं करण्यापेक्षा दोन्ही भाषा येणारा पोरगा सोबत ठेवा.

‘एमएलसी करा’ असं स्पष्ट सांगा. म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते, जबाब होतो. मालक म्हणेल, ‘पोलिसांचं लफडं कशाला?’ हे लफडं नाही, पुरावा आहे. भरपाई मागायला मालकावर गुन्हा दाखल व्हावाच लागतो असंही नाही.

२. त्याच आठवड्यात : मालकाला लेखी कळवा

साध्या कागदावर : नाव, काम, अपघाताची तारीख-वेळ, कोणत्या मागावर, कोण बघत होतं, कुठं उपचार चालू आहेत. एक प्रत देऊन दुसरीवर सही-शिक्का घ्या. सही देत नसतील तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सअॅपवरही टाका, निळ्या खुणा दिसल्या की स्क्रीनशॉट काढून ठेवा. कारखान्यात अपघात नोंदवही असायला हवी, तिच्यात नोंद करायला सांगा. जखमीला ४८ तास किंवा जास्त कामावर येता येणार नसेल, तर कारखान्यानं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं असतं. बहुतेक छोटे कारखाने कळवत नाहीत. तुम्ही अर्ज देऊन कळवू शकता, आणि निरीक्षक येऊन गेला की त्याचा अहवाल पुढं कामाला येतो.

३. पैसे कोण देणार ते ठरवा : कामगार विमा की मालक

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वाटा दोन आहेत, आणि एका अपघातासाठी एकच घेता येते. कामगार विमा लागू असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामगार विमा लागू होतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० पगार असेल तर तुमचे १०५ आणि मालकाचे ४५५. पगाराच्या चिठ्ठीवर १०५ सारखा छोटा आकडा दिसला तर बहुधा तोच. पहचान कार्ड किंवा दहा अंकी विमा क्रमांक शोधा.

मालक म्हणतो ‘आमच्याकडे ईएसआय नाही’, पण प्रत्यक्षात दोन पाळ्यांत मिळून पंधरा माणसं काम करतात. सोलापुरात हे नेहमीचं आहे. एकच शेड तीन नावांनी दाखवलेली असते, प्रत्येक नावावर सहा-सात कामगार. अशा वेळी गप्प बसू नका. वर्गणी भरली नाही हा मालकाचा दोष. भरायला हवी होती एवढं ठरलं की कामगार विमाधारकच मानला जातो, आणि विमा महामंडळ पैसे मालकाकडून वसूल करतं. शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या, सोबत काम करणाऱ्यांची नावं द्या. भावाचं असंच झालं. चौकशी झाली, माणसं मोजली गेली, आणि त्याचं नाव लागलं.

याचंच उलटं रूप म्हणजे अपघात सोमवारी, मालकानं नाव चढवलं मंगळवारी. मग विमा कार्यालय संशय घेतं. आधीपासून कामावर होता याचे पुरावे तेव्हा लागतात, ते खाली दिलेत.

कामगार विमा लागूच होत नसेल, म्हणजे माणसं दहापेक्षा कमी किंवा पगार मर्यादेच्या वर, तर भरपाई थेट मालकाकडून.

४. कामगार विम्याची वाट

उपचार मोफत, सोलापुरात कामगार विम्याचं रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर तिथून पुढं पाठवतात. तातडीत खासगीत गेला असाल तर बिलं जपा आणि लवकरात लवकर विमा डॉक्टरांकडे नोंद करा.

जितके दिवस काम बंद, तितके दिवस रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात. रोज ५०० असेल तर ४५०. साध्या आजारपणाला ७० टक्के आणि वर्गणीच्या दिवसांची अट असते; कामावरच्या दुखापतीला ती अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. म्हणून विमा डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘आजार’ नव्हे, ‘कामावरील दुखापत’ असंच आलं पाहिजे. मालकानं अपघाताचा अहवाल ऑनलाइन पाठवायचा असतो. तो अडला की सगळं अडतं, त्यामुळे तो गेला का हे शाखा कार्यालयात जाऊन विचारत राहा.

जखम भरल्यावर कायमचं व्यंग राहिलं तर वैद्यकीय मंडळापुढं पाठवा म्हणून अर्ज करायचा. मंडळ टक्के ठरवतं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. वरच्याच उदाहरणात ४५० चे १४ टक्के म्हणजे रोज ६३ रुपये, आयुष्यभर, थेट बँकेत. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, ‘फक्त ६३?’ पण पस्तिशीतल्या माणसानं ते वर्षाचे आणि पुढच्या पंचवीस वर्षांचे करून बघावेत. मंडळाची तारीख चुकवू नका, आणि मंडळापुढं तुम्ही नेमकं कोणतं काम करत होता ते सांगा : गाठ मारता येते का, कांडी बदलता येते का.

तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. काढलं तर तो वेगळा वाद. कामगार आयुक्त कार्यालयात जा.

५. मालकाकडून भरपाई : हिशोब असा होतो

जवळपास सगळा हिशोब चार आकड्यांचा आहे : महिन्याचा पगार, वय, अपंगत्वाचे टक्के, आणि कायद्याच्या तक्त्यातला वयानुसारचा गुणक. काही गुणक : २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९. वय मागच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरतात.

पगार कितीही असो, जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशोबाला महिना १५,००० पेक्षा जास्त धरत नाहीत. दावा करताना चालू मर्यादा कार्यालयात विचारून घ्या.

कायमचं अपंगत्व : पगाराचे ६० टक्के × गुणक × कमावण्याची क्षमता किती टक्के गेली. समजा वय ३५, पगार १४,०००, तर्जनी गेली. ८,४०० × १९७.०६ = १६,५५,३०४. त्याचे १४ टक्के म्हणजे साधारण २,३१,७४२ रुपये.

मृत्यू : पगाराचे ५० टक्के × गुणक. वय ४०, पगार १५,००० तर ७,५०० × १८४.१७ = १३,८१,२७५. ही रक्कम वारसांना हातात द्यायची नसते, भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची असते.

काम तात्पुरतं बंद : दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के. १४,००० ला ३,५००. विम्याच्या ९० टक्क्यांपुढं हे फारच कमी, म्हणून दहा माणसांचा मुद्दा मी एवढा लावून धरतो.

याखेरीज उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा असतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. औषधाची कच्ची चिठ्ठी चालत नाही. मेडिकलवाल्याकडून जखमीच्या नावाचं पक्कं बिल घ्या. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं असलं तरी व्यंगाच्या भरपाईचा हक्क जात नाही.

‘तुझ्याच चुकीनं झालं’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होत नाही. दारू पिऊन असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा चाकावरची जाळी मुद्दाम काढणं हे बचाव आहेत, पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर तेही चालत नाहीत.

६. टक्क्यांची गोष्ट

कायद्याच्या यादीत अवयवांचे टक्के लिहिलेत. अंगठा ३०. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचं एक पेर ९, दोन पेरं ११. एका हाताची चारही बोटं ५०. एक डोळाच गमावला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळा शाबूत पण दृष्टी गेली तर ३०.

पण यादी म्हणजे शेवटचा शब्द नाही, आणि हे मालकाचा वकील सांगणार नाही. प्रश्न अवयवाचा नसून कमाईचा असतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल आजही दाखवतात : सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, आणि तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं धरलं गेलं. म्हणून डॉक्टरांकडून दाखला घेताना ‘शारीरिक अपंगत्व इतके टक्के’ एवढ्यावर थांबू नका. ‘या कामासाठी कमावण्याची क्षमता इतके टक्के कमी झाली’ हे वाक्य मागा. सिव्हिलमधून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र सवलतींसाठी असतं; ते जरूर काढा, पण दाव्यात त्यावरच विसंबू नका.

७. कागद गोळा करा

- केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळी पक्की बिलं
- एमएलसीचा क्रमांक, पोलिस जबाब आणि पंचनाम्याची प्रत
- वयाचा पुरावा : शाळेचा दाखला सर्वात चांगला. आधारवर १ जानेवारी जन्मतारीख असलेले निम्मे लोक आहेत, आणि गुणक वयावर ठरतो
- मालकाला दिलेलं पत्र आणि पोच
- अपंगत्वाचा दाखला
- मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, वारसांची आधार कार्डं, रेशन कार्ड
- बँक पासबुक, जखमीच्या किंवा वारसाच्या स्वतःच्या नावाचं

कामावर होता याचा पुरावा हा आपल्याकडचा खरा घोळ. पगार आठवड्याला, रोखीनं, ना हजेरी कार्ड ना चिठ्ठी. तरी शोधलं तर सापडतं. आमच्या शेजारच्या एका बाईंकडे नवऱ्याची पगाराची पाकिटं होती, वर जॉबरनं, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्यानं, पेन्सिलीनं लिहिलेलं : नाव, किती टॉवेल, दर, उचल वजा, हातात किती. तीस-चाळीस पाकिटं रबर लावून तांदळाच्या डब्यात ठेवलेली. मालकाच्या वकिलानं आधी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हटलं होतं. पाकिटांवरचं अक्षर जॉबरला स्वतःचं म्हणून कबूल करावं लागलं. असं काही नसेल तर फोनपेवर आलेली उचल, कारखान्याच्या ग्रुपवरचे मेसेज, मागासमोर काढलेला फोटो, दिवाळी बोनसची यादी, पीएफचा क्रमांक. सोबतचा कामगार साक्ष द्यायला घाबरतो, साहजिक आहे. नोकरी सोडून गेलेला माणूस शोधा, तो बोलतो.

कागदावर ९,००० आणि हातात १४,००० असा दुहेरी पगार असेल तर हेच पुरावे खऱ्या पगारासाठीही लागतात.

८. समजुतीच्या कागदावर सही करण्याआधी

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेठ स्वतः किंवा समाजातलं मोठं माणूस घेऊन घरी येतो. पन्नास हजारांची रोकड, स्टॅम्पपेपर, ‘यापुढं माझी काही तक्रार नाही’, आणि वर ‘पोराला कामावर घेतो’. घरात चूल पेटायची असते, मी कुणाला पैसे नाकारा म्हणत नाही. घ्या, पण ‘उपचारासाठी आगाऊ’ असं लिहून घ्या. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यानं चालत नाही, आणि रकमेची तडजोड आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय पक्की होत नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकानं परस्पर वारसांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वजा होऊ शकते. कोऱ्या कागदावर मात्र काहीही झालं तरी सही नको. राजीनाम्याचे कागद असेच तयार होतात.

९. दावा दाखल करणं

मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशीर झाला आणि कारण खरं असेल तर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. दावा अपघात झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथं करता येतो. भिवंडीत मागावर लागलं आणि आता गावी सोलापुरात असाल, तर इथं करा. आधी सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जा. दावा कुणापुढं चालेल आणि अर्जाचा नमुना कोणता ते तिथं कळतं. नव्या संहितेत आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आलाय, कागदावर तो दिसला तर गोंधळू नका.

विरुद्ध पक्षात कंत्राटदार आणि मूळ मालक दोघांनाही घाला. माग भाड्यानं चालवायला दिलेत म्हणून मूळ मालक सुटत नाही. त्यानं कामगारांचा विमा काढलेला असेल तर विमा कंपनीही.

मालकानं एक महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज, आणि योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात या दोन्ही गोष्टी मागितल्यात का ते सही करण्याआधी बघा, घाईत राहून जातात.

वकील टक्केवारीवर सौदा करतात. तो करण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथला वकील सुमार असेल असं समजू नका. शेजारच्या बाईंची केस अशाच एका तरुण वकील मॅडमनी लढवली आणि पाकिटांची कल्पना त्यांचीच. निकाल तीन महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. तारखांची सवय ठेवा.

१०. आणखी कुठून पैसे मिळू शकतात

पासबुकात दरवर्षी २० रुपये कापलेले दिसतात का बघा. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा : अपघाती मृत्यूला २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख. बोटाला काही नाही. बँकेला ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं, म्हणून हे पहिल्या महिन्यातच उरका. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाखांची वेगळी मदत आहे.

कामावर जाताना-येताना रस्त्यावर अपघात झाला, तरी तो वेळ, जागा आणि कामाशी जोडला जात असेल तर कामावरचा धरता येतो. विडी घरकुल किंवा कुंभारीहून रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीला सायकलवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

११. निकाल लागल्यावर

मालकाला अपील करायचं तर ६० दिवसांत, आणि आधी सगळी रक्कम जमा करून. सोलापूरची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात. मालक पैसेच भरत नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्यासाठी अर्ज करून वसुली दाखला काढावा लागतो आणि तो तहसीलला पोचला का हे स्वतः बघावं लागतं. जाताना कारखान्याची जागा, मागांची संख्या, मालकाच्या नावावरचं घर असं जे माहीत असेल ते लिहून न्या. तलाठ्याला जप्ती कशावर करायची ते कळलं की काम हलतं. लहान मुलांचा वाटा बँकेत ठेवीत ठेवायचा आदेश होतो. शाळेच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी त्यातून काढायचे असतील तर पुन्हा साधा अर्ज करायचा, पावती जोडून.